पुस्तक नेमकं कुठे अडतं: कथा-कादंबऱ्यांचं छोटं प्रकाशन उभं करताना

भारतात पुस्तक छापण्याआधी कुणाची परवानगी लागत नाही. नाटकाची संहिता पुस्तक म्हणून काढायला कुणाला विचारावं लागत नाही. तेच नाटक महाराष्ट्रात रंगमंचावर आणायचं तर रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे जावं लागतं. पुस्तक मोकळं आहे. तरी पुस्तकं अडतात, शब्द गळतात, कादंबऱ्या टेबलाच्या खणात राहतात. त्या कुठे अडतात हे आम्हाला प्रकाशन उभं करताना एकेक टप्पा हाताळल्यावर कळत गेलं: संपादकाच्या पेन्सिलीत, मुद्रितशोधकाच्या सवयीत, छापखान्यात तिसरा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा गट) उतरताना, वितरकाच्या गोदामात, आणि प्रकाशकाच्या रिकाम्या खिशात. सेन्सॉरशिपच्या विरोधात उभं राहायचं असेल तर यातल्या प्रत्येक ठिकाणी आधीच तजवीज करून ठेवावी लागते. ती कशी करायची, ते इथे क्रमाने लिहितो. पुण्यात, वर्षाला तीन-चार पुस्तकं, प्रत्येकाच्या ५०० प्रती, हा आमचा आवाका आहे.

कागदपत्रांचं काम वाटतं तेवढं मोठं नाही. मालकी, भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांपैकी काहीही चालतं. एलएलपीमुळे धंद्याचं कर्ज घरावर येत नाही. पण फौजदारी तक्रार झाली तर ती माणसांवर होते, तिथे एलएलपीची ढाल उपयोगाची नाही. हे भागीदारांनी सुरुवातीलाच एकमेकांशी मोकळेपणी बोलून घ्यावं, कारण पोलीस ठाण्यातून फोन आल्यावर ज्याला हे पहिल्यांदा समजतं तो माणूस दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते. चालू खातं प्रकाशनाच्या नावाने काढा. नाव ट्रेडमार्कसाठी नोंदवायचं तर छापील साहित्याचा १६वा वर्ग आणि प्रकाशनसेवेचा ४१वा वर्ग, दोन्ही पाहा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, शिक्षण मंत्रालयाखालच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. पैसे घेऊन नंबर 'काढून देणारे' भेटतात, त्यांची गरज नाही. दुसऱ्या प्रकाशकाचा शिल्लक नंबर तर अजिबात वापरू नका. त्या आकड्यातच प्रकाशकाची ओळख असते आणि जगभरच्या याद्यांमध्ये तुमचं पुस्तक त्यांच्या नावावर चढतं. ई-पुस्तकाला वेगळा नंबर लागतो. हा नंबर म्हणजे परवाना आहे असं अनेक लेखकांना वाटतं. तसं काही नाही. ती फक्त पुस्तकाची ओळख आहे. राजा राममोहन रॉय यांच्याच नावाचं कोलकात्याचं ग्रंथालय प्रतिष्ठान वेगळं. ते ग्रंथालयांसाठी पुस्तकं खरेदी करतं. दोन्हींचे अर्ज एकमेकांकडे गेलेले आम्ही पाहिलेत.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. कागदावर आणि छपाईवर आहे, आणि विक्री करमुक्त असल्यामुळे भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरायचा. लेखकाच्या रॉयल्टीवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे पैसे घेणाऱ्याऐवजी देणाऱ्याने कर भरायचा या पद्धतीने, प्रकाशकाकडे येतो. नोंदणी तुम्हाला लागते की नाही, हे पहिला करार करण्याआधी सीएकडून लेखी घ्या.

करारातली चार वाक्यं

मराठीत अजूनही पुष्कळ पुस्तकं तोंडी शब्दावर निघतात. स्नेह असेपर्यंत ते ठीक चालतं. वादग्रस्त पुस्तकाला मात्र कागद हवाच, कारण दबाव आला की पहिली फूट लेखक आणि प्रकाशक यांच्यात पडते.

कॉपीराइट लेखकाकडेच ठेवतो. आम्ही फक्त छापील आणि ई-पुस्तकाचा हक्क पाच वर्षांसाठी घेतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तरी दोन्ही लिहावं. दुसरं वाक्य मजकुराबद्दल: लेखकाच्या लेखी संमतीशिवाय एकही शब्द बदलायचा नाही. तिसरं खर्चाबद्दल. बाजारात फिरणाऱ्या नमुना करारांत 'कोणतीही कायदेशीर कारवाई झाल्यास सर्व जबाबदारी लेखकाची' असं कलम असतं. सेन्सॉरशिपला विरोध करतो म्हणणाऱ्या प्रकाशनाने या कलमावर सही घेणं आम्हाला अप्रामाणिकपणाचं वाटतं. लेखकाने मजकूर स्वतःचा आहे आणि चोरलेला नाही याची हमी द्यावी. मजकुराच्या आशयावरून जे येईल त्याचा खर्च दोघांनी सोसावा.

चौथं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं: लेखक आणि प्रकाशक यांपैकी कुणीही एकट्याने माफी मागणार नाही, पुस्तक मागे घेणार नाही, तडजोडीवर सही करणार नाही. यामागे दोन प्रसंग आहेत. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधींवरची कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या मुखपत्रात छापली गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५च्या निकालात मुद्रक-प्रकाशकांनी आधीच बिनशर्त माफी छापली होती म्हणून त्यांच्यावरचा आरोप रद्द झाला. कवीवरचा खटला मात्र चालू राहिला. दुसरा प्रसंग तमिळनाडूतला. जानेवारी २०१५मध्ये नामक्कलला अधिकाऱ्यांसमोर झालेल्या बैठकीत तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांच्याकडून माफीच्या आणि कादंबरीच्या प्रती मागे घेण्याच्या कागदावर सही घेतली गेली, आणि त्यांनी लेखनच थांबवलं. जुलै २०१६मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती तडजोड बंधनकारक नसल्याचं सांगितलं. दरम्यान दीड वर्ष गेलं होतं. 'शांतता बैठकी'चं निमंत्रण आलं तर वकिलाशिवाय जाऊ नये, आणि तिथे काहीही सही करू नये.

दोन रंगांच्या पेन्सिली

संपादन करताना आम्ही दोन पेन्सिली वापरतो. लाल पेन्सिल कथेसाठी: वेग, पात्रं, पुनरावृत्ती, भाषा. निळी पेन्सिल भीतीसाठी. एखादी ओळ वाचताना 'हे छापलं तर काही होईल का' असं मनात आलं की निळी खूण करायची आणि समासात कारण लिहायचं: कुठल्या कायद्याचं कुठलं कलम, कुणाची तक्रार होऊ शकते. कारण लिहिता आलं नाही तर खूण पुसायची. ही पद्धत सुरू केल्यापासून बहुतेक निळ्या खुणा आम्हीच पुसतो. 'लोकांना आवडणार नाही' हे कारण धरत नाही.

ज्या खुणा उरतात त्यांचे प्रकार मोजके आहेत. अश्लीलतेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २९४, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं २९२. पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला याच कलमात अपवाद आहे. न्यायालयांनी कसोटीही बदलत नेली आहे. १९६४च्या रणजित उदेशी खटल्यात हिक्लिन कसोटी लागली, म्हणजे वाईट प्रभाव पडू शकेल अशा वाचकावर सुट्या उताऱ्याचा काय परिणाम होईल ते पाहणारी. १९६९ साली चंद्रकांत काकोडकरांच्या खटल्यात 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातली त्यांची कथा सर्वोच्च न्यायालयाने अश्लील नसल्याचं ठरवलं; मराठी प्रकाशकाने हा निकाल मुळातून वाचावा. २०१४च्या अवीक सरकार निकालाने हिक्लिन बाजूला ठेवून समकालीन समाजमानाची कसोटी स्वीकारली. व्यवहारात याचा अर्थ: दृश्य कथेत कशासाठी आहे, हे संपादकाला तीन वाक्यांत लिहिता आलं पाहिजे. ती तीन वाक्यं पुस्तकाच्या फायलीत ठेवायची.

गटागटांत तेढ पसरवल्याचं कलम १९६ आणि धार्मिक भावना दुखावल्याचं कलम २९९. या दोन्हींत सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही, आणि हेतू सिद्ध करावा लागतो. मार्च २०२५मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरचा गुन्हा रद्द केला आणि बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या अशा तक्रारींत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणं उचित ठरेल असं सांगितलं. चौकशीची ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १७३(३)मध्ये आहे. या निकालाची छापील प्रत फायलीत असावी. ठाण्यात बसून दाखवता येते.

जिवंत माणसावर बेतलेलं पात्र असेल तर 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ फारशी वाचवत नाही. नाव बदललं तरी व्यवसाय, गाव, एखादी शारीरिक खूण आणि नात्यांची रचना मिळून माणूस ओळखू येतो. इथे बदल सुचवायचा तर तो लेखकानेच, कथेच्या सोयीने करावा.

जातीचा उल्लेख हा मराठी कथेतला सगळ्यांत अवघड प्रश्न. शिवी म्हणून वापरलेलं जातीचं नाव पात्राच्या तोंडी असतं, कथा त्या अपमानाबद्दलच असते, आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या १८व्या कलमामुळे अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. शब्द गाळून टिंबं देणं हा आम्हाला सगळ्यांत वाईट मार्ग वाटतो. टिंबांनी अपमान झाकला जातो आणि अपमान करणारा सुटतो. अशा हस्तलिखिताचं एक वाचन आम्ही त्या समाजातल्या, साहित्य जाणणाऱ्या वाचकाकडून, मोबदला देऊन करून घेतो. परवानगी म्हणून नव्हे. बोली, चालीरीती आणि नात्यांतले बारकावे बरोबर आहेत का हे कळावं म्हणून. लेखकाचा अज्ञानातून आलेला उथळपणा तिथे दिसतो, आणि तो दुरुस्त करणं हे लाल पेन्सिलीचं काम असतं.

सगळंच छापायचं का? नाही. मुलांना लैंगिक वस्तू म्हणून मांडणारं लेखन आणि एखाद्या समाजावर हल्ला करायला सांगणारं लेखन आम्ही घेत नाही. कथा फसलेली असेल तर तीही नाकारतो. ते हस्तलिखित दुसऱ्या कुणी छापायला आमची आडकाठी नसते, म्हणून नकाराला सेन्सॉरशिप म्हणता येत नाही. नकाराचं कारण लेखकाला लेखी कळवतो.

शुद्ध करणाऱ्या हातांपासून वाचवणं

कायद्याच्या भीतीने जेवढे शब्द जातात त्याहून अधिक शब्द मुद्रितशोधनात जातात असं आमचं मत झालंय. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत तयार झालेला मुद्रितशोधक 'व्हता'चं 'होता' करतो, 'म्या'चं 'मी' करतो, आणि तीन वाचनांनंतर गोंदियाची बाई आणि सावंतवाडीची बाई एकाच भाषेत बोलू लागतात. कुणाचा वाईट हेतू नसतो. म्हणून प्रत्येक पुस्तकासोबत एका पानाचं भाषापत्रक करतो: निवेदन प्रमाणलेखनात की बोलीत, कुठलं पात्र कुठल्या बोलीत, कुठली रूपं मुद्दाम ठेवायची, शिव्या पूर्ण लिहायच्या. मुद्रितशोधकाला हा कागद आधी आणि पानं नंतर.

बहुतेक हस्तलिखितं युनिकोडमध्ये येतात, पण जुने लेखक श्रीलिपी किंवा आकृती या युनिकोडआधीच्या टंकप्रणालींत टंकलेल्या फायली देतात. परिवर्तकातून काढल्यावर ठरावीक जागी घोटाळा होतो, तो शोधून काढता येतो. 'द्ध' ऐवजी 'ध्द' येतो: शुध्द, युध्द, प्रसिध्द. ती 'ध्द' शोधून एकगठ्ठा बदला. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'खऱ्या' यांतला अर्धा 'ऱ' तुटतो किंवा त्याचा रफार होऊन 'दुसर्या' बनतो. हे एकगठ्ठा बदलता येत नाही, कारण 'सूर्या', 'चर्या' यांतला रफार बरोबर असतो. ते नजरेनेच पाहावं लागतं. 'ॲ' दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी टंकलेला असतो. अवतरणचिन्हं सरळ आणि वळणदार अशी मिसळलेली असतात. हे सगळं पानं लावण्याआधी निस्तरा. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षरं फुटतात. अक्षरासाठी आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा टिरो देवनागरी मराठी हे मुक्त परवान्याचे टंक आम्ही वापरतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात की हिंदी वळणाचे, ते छापून तपासावं.

छापखाना

पुस्तक डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. २३ बाय ३६ इंचांच्या एका तावातून दोन्ही बाजू धरून ३२ पानं निघतात, म्हणजे १६ पानांचे दोन फर्मे. २०८ पानांचं पुस्तक तेरा फर्म्यांत बसतं, साडेसहा ताव. ५०० प्रतींना ३,२५० ताव, म्हणजे साडेसहा रीम. पाच टक्के नुकसानी धरून सात रीम मागवा. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) नॅचरल शेडचा रीम साधारण १८.७ किलोचा असतो, तेव्हा एकूण १३० किलोच्या आसपास. पानं २१२ झाली तर चार पानांसाठी वेगळी प्लेट आणि वेगळी घडी येते. टंकाचा आकार किंवा समास थोडा हलवून २०८वर आणावं. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा, नाहीतर पावसाळ्यात पानं लाटांसारखी फुगतात आणि पुस्तक उघडं राहत नाही. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. कण्याची रुंदी गणिताने काढू नका. त्याच कागदाची कोरी डमी बांधून पट्टीने मोजा. शक्य असेल तर शिलाई करून घ्या. नुसत्या गोंदाचं बाइंडिंग ग्रंथालयात दोन वर्षं काढत नाही.

पीडीएफ देताना मजकूर फक्त काळ्या शाईत असल्याची खात्री करा. चार रंगांचा काळा गेला की बारीक काने-मात्रा दुहेरी दिसतात. घडीच्या पाठीवर कोलेटिंगच्या, म्हणजे फर्म्यांचा क्रम पायऱ्यांसारखा दाखवणाऱ्या, खुणा असाव्यात, म्हणजे सातवा फर्मा आठव्यानंतर लागला तर पायऱ्या मोडलेल्या दिसतात.

आता मुख्य गोष्ट. कायद्यासमोर मुद्रकही उभा राहू शकतो, आणि ते त्याला माहीत असतं. त्याच्यापासून मजकूर लपवणं अन्यायाचं आहे आणि धोक्याचंही. मशीनवरचा माणूस छापता छापता वाचतो. सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे पाच फर्मे उतरल्यावर 'पुढचं आमच्याकडे नको' असा निरोप येतो ती. म्हणून दरपत्रक मागतानाच निळ्या खुणांची पानं मुद्रकाला दाखवायची आणि होकार लेखी घ्यायचा. नकार आला तर राग धरायचा नाही. त्याच्या मागे कामगारांचे पगार आहेत. कागद आपण स्वतः विकत घेऊन पाठवायचा. ऑर्डरमध्ये लिहायचं की कागद, प्लेट्स आणि छापलेले फर्मे प्रकाशकाच्या मालकीचे आहेत आणि मागितल्यावर मिळतील. प्लेट्सचे पैसे वेगळ्या पावतीवर द्यायचे. दुसऱ्या शहरातल्या एका छापखान्याचं दरपत्रक तयार ठेवायचं. असं केलं की काम मधेच थांबलं तरी टेम्पो भरून फर्मे हलवता येतात आणि उरलेले दुसरीकडे छापता येतात.

पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-ठिकाण छापणं १८६७च्या कायद्याने सक्तीचं होतं. १ मार्च २०२४पासून तो कायदा गेला आणि त्याजागी आलेल्या नियतकालिकांच्या कायद्यात पुस्तकांचा समावेश नाही. आम्ही तरीही ते शीर्षकपानाच्या मागे छापतो. उघड नावाने छापलेल्या पुस्तकाची बाजू उघडपणे मांडता येते. घरचा पत्ता मात्र देऊ नका. कार्यालयाचा किंवा टपाल पेटीचा द्या.

पैसा

दर सतत बदलतात, म्हणून गोल आकडे धरून मांडणी सांगतो. मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि वकिलाचं वाचन मिळून ४०,००० धरू. कागद-छपाई-बांधणी प्रतीला ९० रुपये, ५०० प्रतींचे ४५,०००. एकूण ८५,०००. लेखकाच्या, परीक्षणाच्या आणि कायद्याने पाठवायच्या मिळून ४० प्रती वजा करा. विकायला उरल्या ४६०. किंमत ३५० रुपये, रॉयल्टी छापील किमतीच्या दहा टक्के, ३५ रुपये.

वितरकाला ४५ टक्के सवलत दिली तर हाती १९२.५० येतात, रॉयल्टी जाऊन १५७.५०. सगळ्या ४६० प्रती वितरकाकडून खपल्या तरी ७२,४५० जमतात. म्हणजे पुस्तक पूर्ण खपून साडेबारा हजारांचा तोटा. तीच प्रत थेट वाचकाला विकली तर रॉयल्टी आणि पोस्ट-पॅकिंगचे ५५ जाऊन २६० राहतात. १२३ प्रती थेट गेल्या, उरलेल्या वितरकाकडून, तर खर्च भरून निघतो. थेट विक्री दोनशेवर नेली तर आठ हजारांच्या आसपास उरतात. प्रतीमागे दहा रुपये, म्हणजे ४,६०० आम्ही वकिलाच्या खात्यात बाजूला काढतो. त्यात खटला लढता येत नाही. पहिल्याच दिवशी वकिलाकडे उसनवारी न करता जाता येतं.

हा थेट विक्रीचा आकडा सेन्सॉरशिपच्या प्रश्नाशीच जोडलेला आहे. एकाच वितरकावर अवलंबून असलेलं पुस्तक त्याच्या एका फोनवर बाजारातून नाहीसं होतं. शंभर-दीडशे घरांत आधीच पोचलेलं पुस्तक परत गोळा करता येत नाही. आपल्याकडची प्रकाशनपूर्व सवलतीची जुनी पद्धत इथे फार कामाची आहे: प्रकाशनाच्या सहा आठवडे आधी कमी किमतीत नोंदणी घ्यायची, आलेल्या पैशातून कागद घ्यायचा, आणि बांधणीतून प्रती येताच जाहीर समारंभाच्या आधी त्या पोस्टात टाकायच्या. प्रत पॅकिंगसह पावणेतीनशे ग्रॅमच्या घरात जाते. रजिस्टर्ड बुकपोस्टाची स्वस्त सोय डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली तेव्हा पोस्टखर्च वाढला. तो किमतीत आधीच धरा.

सरकारी अनुदान, नवलेखक योजना, पुरस्कार, ग्रंथालय खरेदी यांच्या रकमा अंदाजपत्रकात जमेला धरत नाही. डिसेंबर २०२२मध्ये कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने काही दिवसांतच रद्द केला. मिळालं तर घ्यावं. त्यावर पुढचं पुस्तक बेतू नये.

प्रती आल्यानंतर

गठ्ठे आले की साठा तीन ठिकाणी विभागतो: कार्यालय, दुसऱ्या शहरातला भागीदार, आणि वितरक. साठावहीत तारीखवार नोंद. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे तीस दिवसांत चार प्रती स्वखर्चाने पाठवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. अनेक छोटे प्रकाशक हे टाळतात. आम्ही पहिल्या आठवड्यात पाठवतो, कारण त्या पोचपावत्या म्हणजे पुस्तक कधी, कुठल्या रूपात प्रसिद्ध झालं याचा पुरावा असतो.

ई-पुस्तक तयार ठेवावं, पण ते सुरक्षित आहे या भ्रमात राहू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७व्या कलमात अश्लीलतेची शिक्षा छापील पुस्तकापेक्षा कडक आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत.

कुणी येऊन प्रती मागितल्या तर कागद मागायचा. जप्ती दोन मार्गांनी होते. राज्य सरकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८खाली राजपत्रात अधिसूचना काढतं, किंवा गुन्हा नोंदवून तपासात प्रती ताब्यात घेतल्या जातात. अधिसूचना असेल तर तिच्यात सरकारच्या मताची कारणं असली पाहिजेत. २०१०च्या संघराज रुपवते निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर भर दिला आहे. तिच्याविरुद्ध कलम ९९खाली उच्च न्यायालयात जाता येतं, मुदत राजपत्रातल्या तारखेपासून दोन महिने, सुनावणी तीन न्यायाधीशांसमोर. दोन महिने लवकर संपतात, म्हणून वकीलपत्राचा मसुदा आधीच ठेवतो. गुन्ह्यात जप्ती असेल तर पंचनामा, प्रतींची मोजणी आणि आपल्यासाठी सही असलेली नक्कल मागून घ्यायची. जमाव आला तर प्रती वाचवायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा, पोलिसांना फोन करा, लेखी तक्रार द्या. साठा तीन ठिकाणी असतो तो यासाठीच.

धमकीचे फोन आले तर तारीख, वेळ, नंबर आणि शब्द वहीत उतरवायचे. लेखकाला त्याच दिवशी कळवायचं. त्याच्यापासून लपवलं तर करारातलं चौथं वाक्य मोडतं. वर्तमानपत्रांना काय सांगायचं त्याचं पाच ओळींचं निवेदन दोघांच्या सहीने आधीच तयार असतं. त्या दिवशी नवीन काही बोलायचं नाही.

पहिली आवृत्ती संपली की पुनर्मुद्रणाला तोच आयएसबीएन चालतो, मजकुरात मोठा बदल केला तर नवा घ्यावा लागतो. दुसऱ्या छपाईला प्रुफाच्या चुका दुरुस्त करतो आणि त्यांची यादी शेवटच्या पानावर देतो, पान आणि ओळीसह. लेखकाने स्वतः एखादा उतारा बदलला असेल तर तोही त्या यादीत येतो. पहिल्या आवृत्तीची पीडीएफ, लेखकाच्या सहीची प्रुफं आणि निळ्या खुणांची मूळ पानं एका पाकिटात घालून त्यावर पुस्तकाचं नाव आणि वर्ष लिहायचं, आणि ते साठ्यापासून दूर, वकिलाच्या कपाटात ठेवायचं.